लेखक समोर बसला की काय विचारायचं?

द्राक्षांचा हंगाम आणि पुस्तकांचा हंगाम नाशकात साधारण एकदमच सुरू होतो. यंदाच्या पुस्तक महोत्सवात कथा-कादंबरीकारांच्या गप्पा आणि वाचनाची सत्रं असणार म्हटल्यावर या महिन्याचं निम्मं टपाल त्याच विषयाचं निघालं. काहींनी मागचे रागही काढलेत. मी नोकरीभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं दिली-घेतली आणि आता अधूनमधून लेखकाशेजारच्या खुर्चीत बसून प्रश्न विचारते. तेव्हा बाकीचे विषय पुढच्या अंकात, आज एवढंच.

ताई, एका नामवंत कादंबरीकारांना ऐकायला मुद्दाम गेले होते. त्यांनी पुस्तक उघडलं, मान खाली घातली आणि वीस मिनिटं एका सुरात वाचलं. ना हावभाव, ना आवाजात चढउतार. आमच्या भिशीतली मैत्रीण याहून छान वाचते. स्वतःच्याच कादंबरीवर असा अन्याय का करावा?
— एक वाचक, पंचवटी

तुम्ही गेलात कथाकथनाच्या अपेक्षेनं आणि पदरात पडलं वाचन. गद्य मोठ्यानं ऐकायचं म्हणजे कथाकथनच, हे आपल्या कानात पक्कं बसलंय. साठच्या दशकापासून शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथा सांगितल्या. पुढे व. पु. काळ्यांनी सभागृहं भरवली. ही मंडळी श्रोत्यांच्या डोळ्यांत बघून सांगायची, हशा पिकला की थांबायची, या गावात रंगलेली जागा पुढच्या गावात आणखी खुलवायची. दुसरा प्रकार अभिवाचनाचा. हातात संहिता, दोन-तीन नट, पात्रागणिक वेगळा आवाज, मागे थोडं संगीत. नाशिकची नाटकवाली मंडळी ते झकास करतात. लेखकानं आपली कादंबरी आपल्याच आवाजात, नट न होता वाचायची, हा तिसरा प्रकार. त्याची आपल्याला सवयच नाही. कवीला आपण कविता म्हणायला लावतो आणि कादंबरीकाराकडून मात्र मनोगत मागतो.

आपल्या तात्यासाहेबांचंच बघा. कुसुमाग्रजांची 'कणा' नाशकात कुणालाही विचारा, दोन ओळी तरी म्हणून दाखवेल. त्यांनी 'वैष्णव', 'जान्हवी', 'कल्पनेच्या तीरावर' अशा कादंबऱ्याही लिहिल्या आहेत हे सांगितलं की चांगले वाचणारेसुद्धा 'हो का?' म्हणतात. कादंबरी चारचौघांत ऐकलीच जात नाही, मग ती बोलण्यातही येत नाही.

आता सपाट वाचनात ऐकायचं काय? एका सत्रानंतर मला एका कादंबरीकाराची स्वतःची प्रत चाळायला मिळाली. पानभर पेन्सिलीच्या खुणा. संवाद सलग होता तिथले सगळे 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' कंसात टाकलेले, कारण ऐकताना ते कळतंच. वाड्याचं वर्णन चांगलं अर्धं पान, त्यातल्या दोनच ओळी ठेवलेल्या. एका लांबलचक वाक्यात श्वासासाठी उभ्या रेघा. आणि एके ठिकाणी समासात बारीक अक्षरात 'घाई नको'. घरातला कर्ता माणूस गेल्यानंतरच्या दिवसाचं ते पान होतं. कादंबरी मी आधी वाचली होती. पण तासाभरापूर्वी व्यासपीठावर तो गृहस्थ त्या जागी खरोखर थांबला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की पूर्ण पानभर सगळं घर त्या माणसाबद्दल बोलतंय आणि त्याचं नाव मात्र एकही जण घेत नाही. चांगल्या नटानं तेच पान रंगवलं असतं, डोळ्यांत पाणी काढलं असतं. पण ती न घेतलेल्या नावाची जागा त्याला सापडली असती की नाही, मला शंका आहे.

म्हणून पुटपुटणं माफ, असं मात्र नाही. माईकपासून हातभर लांब बसून छातीवर हनुवटी टेकवून वाचणाऱ्याला, मग तो कितीही मोठा असो, 'जरा माईक जवळ घ्या' म्हणून सांगायला लाजू नका. आणि वाचन चालू असताना पुस्तक उघडून ओळींवर बोट फिरवत बसू नका. त्यानं काय गाळलं ते पकडण्याच्या नादात ऐकणं राहून जातं. घरी गेल्यावर त्याच रात्री ते प्रकरण वाचा. आवाज कानात असतो तोवरच त्यात मजा आहे.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मी लेखिकेला विचारलं, 'ही नायिका म्हणजे तुम्हीच ना?' लोक फिस्सकन हसले आणि त्या म्हणाल्या, 'पुढचा प्रश्न.' यात हसण्यासारखं काय होतं?
— एक वाचक, नाशिकरोड

हसण्यासारखं काही नव्हतं. हसले त्यांच्याही मनात तोच प्रश्न होता, तुम्ही तो विचारलात एवढंच. फक्त या प्रश्नाला लेखिका हो म्हणाली काय आणि नाही म्हणाली काय, तुमच्या हाती काही लागत नाही. 'हो' म्हटलं की कादंबरीची झाली चौकशी. 'नाही' म्हटलं की तुमचा विश्वास बसत नाही.

तुमच्या नाशिकरोडला लागूनच विहितगाव. बाबूराव बागूल तिथले, जन्म १९३० चा. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३ मध्ये आला. शीर्षककथा 'मी'च्या तोंडून येते. रेल्वेतली नोकरी, परका गाव आणि राहायला जागा मिळावी म्हणून लपवलेली जात. ती जगण्यातूनच आली आहे हे सांगायला कुणा समीक्षकाची गरज नाही. तरीही ती वाचल्यावर मला विचारावंसं वाटतं ते वेगळंच. हे सांगायला 'मी'च का घेतला? तोच माणूस 'तो' झाला असता, तर लपवण्यातली धास्ती वाचकाच्या अंगाला इतकी झोंबली असती का? असा प्रश्न समोरच्या लेखकाला विचारून बघा. पाठ टेकून बसलेला माणूस पुढे सरकून बोलायला लागतो.

सोपा उपाय म्हणजे पानाचा नंबर घेऊन जा. एका शाळकरी मुलीनं विचारलं होतं, 'तो पत्र वाचतो आणि फाडतो, पण पत्रात काय लिहिलं होतं ते शेवटपर्यंत येतच नाही. तुम्हाला तरी माहीत आहे का?' सभागृहात क्षणभर कुणी बोललं नाही. मग लेखकानं कबूल केलं की पहिल्या खर्ड्यात ते पत्र सबंध होतं, नंतर काढून टाकलं, आणि का काढलं ते सांगण्यात पुढची दहा मिनिटं गेली. त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं बोलणं तेच.

प्रेरणा कुठून मिळते, रोज किती वाजता लिहिता आणि तरुणांना काय संदेश द्याल, या तिघांना आता निवृत्त करू या. आणि 'माझा प्रश्न नाही, थोडं मनोगत आहे' म्हणून हातात माईक घेणाऱ्यांना तर मी खुर्चीतूनच हात जोडते.

आई ८१ वर्षांची आहे. वाचन दांडगं, पण ऐकू कमी येतं. तिला नेण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, सिडको

जरूर न्या. मात्र पहिल्या रांगेत कोपऱ्यात, स्पीकरच्या तोंडाशी बसवू नका. तिथे आवाज मोठा येतो, शब्द फुटतात. तिसऱ्या-चौथ्या रांगेत मधोमध, लेखकाचे ओठ दिसतील अशी जागा धरा. श्रवणयंत्र असेल तर टाळ्या सुरू झाल्या की आवाज कमी करायचा, एवढं तिला सांगून ठेवा. आणि वर मी पुस्तक उघडू नका म्हटलं ते तुमच्या आईला लागू नाही. सत्राआधी संयोजकांकडून किंवा लेखकाकडूनच वाचायची पानं विचारून घ्या आणि पुस्तक तिच्या मांडीवर द्या.

२०२१ मध्ये आडगावला साहित्य संमेलन झालं, तेव्हाही लेखक आले होते, पुस्तकांचे गाळे होते. मग हा महोत्सव म्हणजे नवीन काय? तेच ना?
— एक वाचक, इंदिरानगर

तेच नाही. संमेलनाचा वारसा १८७८ च्या पुण्यातल्या ग्रंथकारांच्या सभेपासूनचा आहे. ती लिहिणाऱ्यांनी लिहिणाऱ्यांसाठी भरवलेली बैठक. म्हणून तिथे अध्यक्ष असतो, अध्यक्षीय भाषण असतं, परिसंवाद असतात, ठराव असतात. नाशकानं संमेलनं पाहिली आहेत ती अशी: १९४२ ला आचार्य अत्रे अध्यक्ष, २००५ ला केशव मेश्राम, आणि २०२१ ला जयंत नारळीकर, जे प्रकृतीमुळे येऊ शकले नव्हते. नारळीकरांच्या निमित्तानं विज्ञानकथा लिहिणाऱ्याला तो मान मिळाला, याचा मला फार आनंद झाला होता. पण संमेलनाच्या मांडवात एखादी कादंबरी घेऊन तिच्यावर तासभर बसायचं, हे घडत नाही. परिसंवादात विषय मोठा असतो, वक्ते पाच-सहा, आणि प्रत्येकाला वेळ कमी.

महोत्सवाच्या सत्रात एक लेखक, एक पुस्तक, पाऊण तास आणि बाहेर पडलं की विक्रीचा गाळा. निदान असं असायला हवं. प्रत्यक्षात आपली जुनी खोड तिथेही येते. दीपप्रज्वलन, सरस्वतीपूजन, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, ज्यांनी जागा दिली त्यांचा सत्कार, ज्यांनी पाणी दिलं त्यांचा उल्लेख. एका कार्यक्रमात (कुठला ते सोडा) परिचय करून देणाऱ्या गृहस्थांनी लेखकाचे पुरस्कार सालासकट वाचले आणि ओघात कादंबरीचा शेवटही सांगून टाकला. लेखकाच्या वाट्याला बारा मिनिटं आली. तेवढ्यात आभार मानणारे उठून उभे! लग्नात जेवणाची पंगत बसायच्या आधीच आहेर मोजत बसावं तसं झालं ते.

कंपनीत पाळीची ड्युटी आहे, वाचायला वेळ कमी. कादंबरी साडेचारशे पानांची. न वाचता सत्राला गेलं तर चालतं का? आणि वाचनालयाच्या पुस्तकावर लेखकाची सही घेतली तर?
— एक वाचक, सातपूर

खुशाल जा. वेळ एकाच सत्राचा असेल तर कादंबरीपेक्षा कथाकाराचं सत्र निवडा. छोटी कथा तिथल्या तिथे पूर्ण होते, मागचंपुढचं माहीत असावं लागत नाही. कादंबरीतलं प्रकरण ऐकून भूक चाळवली आणि खिसा नाही म्हणाला, तर टिळकपथावर १८४० मध्ये स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे येते. तुमच्या पाळीतल्या वाचणाऱ्या मित्रांचा गट होतो का बघा.

सही मात्र अजिबात नाही. निवृत्त झाले तरी ग्रंथपाल आहे मी. ते पुस्तक तुमचं नाही आणि लेखकाचंही नाही. खिशात कोरं पोस्टकार्ड ठेवा, त्यावर घ्या.

महोत्सव संपल्यावर आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शहरातल्याच एखाद्या कथाकाराचं वाचन ठेवायचा विचार आहे. पन्नासेक लोक येतील. काय काय लागेल?
— एक वाचक, गंगापूर रोड

वा! खरं तर असली वाचनं अशाच हॉलमध्ये जास्त रंगतात.

आधी वेळेचा हिशेब. मोठ्यानं, नीट वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. कादंबरीच्या छापील पानावर अडीचशे-तीनशे शब्द धरले तर पानाला अडीच मिनिटं. म्हणजे वीस मिनिटांत आठ पानं, त्याहून जास्त नाही. लेखक 'तीस पानं वाचतो' म्हणाले तर गोड बोलून अडवा. गद्य ऐकताना वीस मिनिटांनंतर लोकांचं लक्ष खुर्चीकडे जातं. हवं तर वीस मिनिटं वाचन, वीस मिनिटं गप्पा आणि मग पुन्हा पाचेक मिनिटांचा एखादा तुकडा. तो दुसरा तुकडा ठेवाच. गप्पांत जे निघालं ते डोक्यात असल्यामुळे तेव्हा लोक वेगळंच ऐकतात.

पोडियम नको. उभं राहिलं की माणूस भाषण करायला लागतो. साधं टेबल, हात असलेली खुर्ची, माईक स्टँडवर. हातात माईक दिलात तर पान उलटायला हात कुठून आणणार? पुस्तकावर उजेड पडेल असा टेबललॅम्प ठेवा. वरची ट्यूबलाइट पाठीमागे असली की लेखकाच्या डोक्याची सावली नेमकी ओळीवर पडते. वय झालेल्या लेखकांना त्यांचीच पानं मोठ्या टायपात छापून दिली तर ते दुवा देतात. ती छपाई कागदाच्या एकाच बाजूला करा. पाणी पेल्यात द्या, बाटलीचं झाकण माईकसमोर करकरतं. पंखे बंद करण्यावरून भांडण होईल. थंडीत बंद करा, मे महिन्यात हा कार्यक्रमच ठेवू नका. मेच्या संध्याकाळी नाशिककर गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला उघड्यावर बसतो, ते शहाणपणाचंच आहे.

परिचय तीन वाक्यांत. तो करणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं असावं, निदान शेवट तरी सांगू नये.

मानधन? नारळ देऊन पाठवू नका. जमेल ते पाकिटात घाला आणि आधी सांगा. लिहिणारा माणूस संध्याकाळ मोडून येतो, तयारी करून येतो. आणि लेखकाची दहा-पंधरा पुस्तकं प्रकाशकाकडून किंवा दुकानातून आधी मागवून हॉलच्या दाराशी ठेवा. ऐकून झाल्यावर पुस्तक समोर असलं तर लोक घेतात. 'उद्या घेऊ' म्हणणारा माणूस उद्या घेत नाही.

मी आख्खं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि आमच्या वाचकांच्या ग्रुपवर टाकलं. एकानं सांगितलं, हे बेकायदा आहे. खरं का?
— एक वाचक, निफाड

तो म्हणतो त्यात तथ्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पुस्तकाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. लेखकानं सभेत वाचलं म्हणून ते सगळ्यांचं होत नाही. लेखकाला विचारा. मिनिटभराच्या तुकड्याला बहुतेकजण आनंदानं हो म्हणतात. सबंध कथा फिरवायला नाही म्हणतात, आणि का म्हणू नये? आणखी एक, मोबाइल उंच धरून मधल्या रांगेत बसला असाल तर मागच्यांना काय दिसलं असेल याचाही विचार करा.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कथा लिहितो. महोत्सवात माझे आवडते लेखक येणार आहेत. त्यांना माझी कथांची वही वाचायला देऊ का?
— एक विद्यार्थी, कॉलेज रोड

नको देऊस. वाईट वाटून घेऊ नकोस, पण सत्र संपल्यावर त्या माणसाच्या हातात चार पुष्पगुच्छ, दोन स्मृतिचिन्हं आणि वेगवेगळ्या लोकांनी दिलेली पाच पुस्तकं असतात. तुझी एकुलती एक वही त्या ढिगात जाणार आणि बहुतेक हॉटेलच्या खोलीत राहणार. समजा नेली घरी, तरी तो तुला भिडेपोटी 'छान आहे' असंच कळवेल.

त्यापेक्षा त्यातली एक कथा काढ. मित्राला समोर बसवून मोठ्यानं वाच. जिथे तुझी जीभ अडखळते तिथे खूण कर, आणि जिथे मित्र मोबाइल बघायला लागतो तिथे दुसऱ्या रंगाची. मग पुन्हा लिही. ती दिवाळी अंकाच्या संपादकांकडे पाठव. त्यांची जुळवाजुळव पावसाळा सुरू होतो तेव्हाच सुरू होते, गणपती आले की उशीर झालेला असतो. एका वेळी एकाच अंकाकडे पाठवायची आणि स्वतःकडे प्रत ठेवायची.

सत्राला मात्र जाच, आणि हात वर कर. त्या लेखकांची कुठली कथा तुला अर्धवट वाटते, ते विचार. बाकीचे सगळे आवडलेल्या कथांबद्दलच बोलणार आहेत.